नाव नसलेला पेला: आधी काच बघा, नक्षी मागाहून

गेल्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमजवळच्या रविवारच्या बाजारात मी आठ पौंडांना एक पेला घेतला. वीतभर उंच, आखूड दांडीचा, पातळ काचेचा, सभोवती फर्नची पानं कोरलेली. गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: ‘जॉर्जियन, 1790’. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, कशावरून? ते म्हणाले, “अहो, हाताने कोरलंय की!”

आपल्याकडे जुन्या बाजारात कुठलाही झुंबराचा लोलक दिसला की दुकानदार ‘बेल्जियम ग्लास’ म्हणून मोकळा होतो. इंग्लंडात तोच मान ‘जॉर्जियन’ या शब्दाला आहे, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातला. आजोबा लबाड नव्हते. त्यांनी फक्त उलट्या टोकाने सुरुवात केली होती. नक्षी बघितली आणि त्यावरून वय ठरवलं. बिननावाच्या कोरीव काचेत हमखास फसायचं असेल तर हाच रस्ता.

नाव का नसतं, हे आधी सांगते. चांदीच्या भांड्यावर शिक्के असतात, चिनी मातीच्या बशीखाली कारखान्याचं नाव असतं, पण इंग्लिश काचेला ती सवयच नव्हती. अपवाद आहेत. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी 1674 मध्ये लंडनमध्ये नव्या प्रकारच्या काचेचं पेटंट घेतलं. सुरुवातीची त्यांची काच आतून तडकून धुरकट व्हायची. तो दोष काढल्यावर ‘आता ही पक्की’ अशी खूण म्हणून ते डोमकावळ्याच्या डोक्याची छोटी मुद्रा पेल्यावर डकवू लागले. आयर्लंडमध्ये 1783 मध्ये वॉटरफर्डचा पेनरोज यांचा कारखाना निघाला. तिथल्या आणि कॉर्कच्या काही डिकँटरच्या, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या बाटल्यांच्या, बुडाला साच्यातून उमटलेलं नाव सापडतं. 1842 ते 1883 या काळात नोंदवलेल्या डिझाइनवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची एक खूण असे. 1884 पासून तिच्या जागी ‘आर डी’ (‘रजिस्टर्ड’चं लघुरूप) ही अक्षरं आणि क्रमांक आले. असा क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं, कारण ते ओळीने दिले गेले आणि त्यांच्या नोंदी लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मात्र क्रमांकावरून डिझाइन कधी नोंदवलं एवढंच कळतं. तोच नमुना पुढे वीस वर्षं निघत राहिलेला असू शकतो. विसाव्या शतकात कारखाने बुडावर आम्लाने बारीक नाव उमटवू लागले. त्यातली कितीतरी नावं धुऊन-पुसून इतकी झिजली आहेत की पेला उजेडात तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून ‘नाव नाही’ असं म्हणण्याआधी खिडकीपाशी जाऊन बूड नीट फिरवून बघावं.

एवढं करून काहीच नसेल, आणि बहुतेक वेळा नसतंच, तर एक गोष्ट मनाशी पक्की करायची. कोरीव पेल्याला दोन जन्मतारखा असतात. काच भट्टीतून निघाली ती एक आणि तिच्यावर चाक फिरलं ती दुसरी. या दोन्हींत एका आठवड्याचं अंतर असेल किंवा दीडशे वर्षांचं. भट्टीवाले कोरे पेले विकत, कोरणारा स्वतंत्र कारागीर आपल्या माडीवर बसून त्यांवर काम करी आणि दुकानदार तिसराच असे. म्हणून आधी काचेचं वय काढायचं आणि मग नक्षीकडे वळायचं.

काच ओळखायला मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढते. रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या काचेत शिशाचं ऑक्साइड होतं आणि तेव्हापासून शिसं हाच चांगल्या इंग्लिश काचेचा प्राण आहे. शिसं म्हटलं की वजन आलंच. पण हातात घेऊन ‘जड आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. जाड साधी काचही जड लागते. मोजायची असते ती घनता. पद्धत सोपी आहे. पेल्याचं कोरडं वजन करा. माझा भरला 212 ग्रॅम. मग पाण्याने भरलेलं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. पेला दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि वाटीत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा दिसेल तो पेल्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. माझा आला 69. आता 212 भागिले 69, म्हणजे 3.07. साध्या सोड्याच्या काचेची घनता 2.5 च्या आसपास असते आणि भरपूर शिसं असलेल्या काचेची 3 च्या वर. म्हणजे माझा पेला शिशाचा.

यावरून तो जुना ठरला का? नाही. शिशाची काच विसाव्या शतकातही सर्रास होत होती. हा प्रयोग फक्त स्वस्त नकला आणि युरोपातली बरीचशी जुनी सोड्याची किंवा पोटॅशची काच बाजूला काढतो. काठाला टिचकी मारून घंटेसारखा नाद ऐकण्याचंही तसंच. नाद गोड लागतो, पण वय सांगत नाही. (शिवाय दुसऱ्याच्या टेबलावरच्या पेल्याला टिचकी मारणं इकडे फार असभ्य समजतात. मी एकदा मारली आहे.)

खरी गंमत बुडाशी असते. फुंकून केलेल्या पेल्याची वाटी, दांडी आणि बैठक झाली की काठ सारखा करण्यासाठी तो फुंकणीवरून सोडवावा लागतो. मग त्याला धरायचं कसं? बुडाच्या मध्यावर वितळलेल्या काचेचा थेंब लावलेली लोखंडी सळई चिकटवत. तिला पाँटिल म्हणतात. काम झालं की सळई झटक्यात तोडायची. तुटल्या जागी खरखरीत, बोटाला टोचणारा वण राहतो. अठराव्या शतकातल्या बहुतेक पेल्यांवर तो तसाच सोडलेला असतो. तो टेबलाला घासू नये म्हणून बैठक मधोमध उंच उचललेली, टोपीसारखी असते आणि वाटीच्या तोंडाएवढी किंवा त्याहून रुंद असते. शतकाच्या अखेरीस तो वण घासून गुळगुळीत करायची पद्धत वाढत गेली. मग तिथे अंगठा बसेल असा चकचकीत खोलगट गोल उरतो आणि बैठक सपाट होत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बैठक पकडणारा स्प्रिंगचा चिमटा आला आणि सळई चिकटवण्याची गरजच संपली. त्यामुळे वण नाही म्हणून पेला यंत्राचा ठरत नाही. आणि वण आहे म्हणून तो 1750 चाही ठरत नाही, कारण नक्कल करणारे तो मुद्दाम ठेवतात.

म्हणून वणाच्या बरोबरीने झीज बघायची. दोनशे वर्षं टेबलावर सरकलेल्या पेल्याच्या बुडाची कड भिंगाखाली धरली तर बारीक ओरखडे दिसतात. कुठे लांब, कुठे आखूड, वाटेल त्या दिशेने गेलेले, आणि तेही पेला खरोखर जिथे टेकतो तिथेच. पॉलिश कागदावर घासून ‘जुना’ केलेल्या पेल्याचे ओरखडे एका दिशेचे असतात, शेतातल्या तासांसारखे. मधल्या, कधीच न टेकणाऱ्या भागावर झीज दिसली तर पेला परत ठेवून द्यावा.

अठराव्या शतकातल्या पेल्यांसाठी दांडी म्हणजे जन्मपत्रिकाच. ढोबळमानाने बघायचं तर 1690 ते 1725 च्या काळात दांडीला जाड, भरीव गाठी असतात. 1714 मध्ये हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला त्या सुमारास खांबासारखी, वर रुंद होत जाणारी, पैलूची दांडी आली. मग 1745 मध्ये सरकारने काचेवर कर बसवला, तोही कच्च्या मालाच्या वजनावर. जितकी जड काच तितका जास्त कर. करामुळेच सगळं बदललं असं म्हणणं जरा जास्त होईल, कारण फॅशन आधीच नाजूकपणाकडे झुकली होती. पण त्यानंतरचे पेले हलके झाले हे खरं. आधी बैठकीची कड आत दुमडलेली असे, साडीचा काठ आत दुमडून शिवावा तशी. त्यात काच जास्त लागते, म्हणून ती पद्धत मागे पडली. वजनात देता येईना ती शोभा दांडीच्या पोटात गेली. काचेत हवेचे बुडबुडे कोंडून, ओढून आणि पीळ देऊन चंदेरी धाग्यांची वेणी केलेली दिसते. हे साधारण 1745 नंतरच्या वीस वर्षांतलं काम. त्याच्या मागोमाग हवेऐवजी दुधी काचेच्या पिळाची दांडी आली, ती साधारण 1780 पर्यंत. 1777 मध्ये कर दुप्पट झाला आणि दुधी काचेलाही लागू झाला. मग तो पीळही ओसरला आणि दांडीला बाहेरून पैलू पाडायची चाल वाढली. या कराच्या कक्षेत आयर्लंड 1825 पर्यंत नव्हतं, म्हणूनच तिकडची काच जाडजूड आणि खोल कापलेली. शेवटी 1845 मध्ये रॉबर्ट पील यांच्या सरकारने कर काढून टाकला.

दुधी पिळाच्या नकला खूप आहेत. खऱ्या पिळातला पांढरा रंग दाट असतो आणि पीळ शेवटपर्यंत भरदार राहतो. नकलेत तो बऱ्याचदा पाण्यात दूध सांडल्यासारखा फिका दिसतो. हे नुसतं वाचून कळत नाही. संग्रहालयात दहा खरे पेले बघितले की अकरावा खोटा आपोआप खटकतो.

जग किंवा कान असलेलं भांडं असेल तर काम आणखी सोपं. 1860 च्या दशकापर्यंत काचेचा कान आधी वर चिकटवून खाली ओढत. त्यामुळे तो वर जाड असतो आणि खाली त्याची शेपटी वळवून चिकटवलेली असते. त्यानंतर पद्धत उलटी झाली. आधी खाली चिकटवून वर नेऊ लागले, म्हणून जाडी खाली आली. इतकी ढळढळीत खूण दुसरी नाही, तरी लोक जगाच्या पोटावरची फुलं बघत बसतात.

आता नक्षी. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एकच रेघ निवडून तिच्या दोन्ही टोकांकडे बघा. इंग्लिश कोरीवकाम मुख्यतः चाकावरचं असतं. तांब्याच्या छोट्या चकत्या, त्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड, आणि कारागीर पेला हातात धरून तो चाकाखाली दाबतो. चाक गोल, म्हणून त्याने केलेला प्रत्येक घाव होडीच्या आकाराचा होतो: टोकाला निमुळता, मध्ये खोल, पुन्हा निमुळता. फर्नचं पान म्हणजे अशा शे-दीडशे होड्या एका देठाला लावलेल्या. कोणतीही दोन पानं जोडून बघितली तर होड्यांची संख्या आणि कोन कुठेतरी वेगळे निघतात.

हिऱ्याच्या टोकाने ओरबाडलेली रेघ बारीक आणि सर्वत्र जवळपास सारख्या जाडीची असते, तिच्या कडा किंचित दातरतात. आम्लाने खाल्लेली रेघ तर ओळखू यावीच. तिची खोली एकसारखी असते आणि तळ मुरमाड, मंद असतो. पेल्यावर मेण चढवायचं, त्यावर सुईने नक्षी काढायची आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचं, असं ते तंत्र. काचेच्या कारखान्यांसाठी नावाजलेल्या स्टोअरब्रिजजवळच्या वर्डस्ली गावच्या जॉन नॉर्थवूड यांनी 1860 च्या दशकात या कामासाठी यंत्रं बनवली. त्यानंतर गुंतलेली वर्तुळं आणि ग्रीक पद्धतीच्या चौकोनी वळणांच्या पट्ट्या धडाधड निघू लागल्या. अशी पट्टी पेल्याभोवती फिरून आली की सुरुवात आणि शेवट केसाचाही फरक न पडता जुळतात. विक्रेते हिलाही ‘कोरीव’ म्हणतात. आणि आकृतीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या असून आतला भाग सपाट खरखरीत असेल, तर ती वाळूच्या फवाऱ्याची. ते तंत्र 1870 मध्ये अमेरिकेत निघालं, म्हणजे त्याआधीचा दावा तिथेच संपला.

नक्षी कशी केली हे कळल्यावर मग ती काय सांगते ते वाचायचं. हॉपची बोंडं आणि जवाची कणसं म्हणजे पेला एलसाठी (एक प्रकारची बिअर), द्राक्षवेल म्हणजे वाइनसाठी, सफरचंद म्हणजे सायडरसाठी. यातून उपयोग कळतो, वय नाही. वय सांगतात त्या घटना. संडरलँडला वेअर नदीवर 1796 मध्ये लोखंडी पूल झाला. तो तेव्हा इतका नवलाचा होता की त्याचं चित्र कोरलेले पेले त्या भागात पुढे कित्येक दशकं निघत राहिले. आखूड दांडीच्या या मोठ्या पेल्यांना इंग्लिशमध्ये रमर म्हणतात. त्याचा रमशी संबंध नाही, मूळ शब्द जर्मन आहे. या पुलाचा पेला 1796 च्या आधीचा असू शकत नाही, पण 1830 चा खुशाल असू शकतो. पुढे 1850 च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या देखरेखीखाली पुलाची फेरबांधणी झाली आणि त्याचं रूप बदललं, म्हणून चित्रातला पूल जुना की नवा हेही बघता येतं. नौसेनापती नेल्सनच्या शववाहिनीचं चित्र असेल तर पेला जानेवारी 1806 किंवा त्यानंतरचा. कोरलेली तारीख अशीच वाचायची. तिच्या ‘आधी नाही’ एवढं ती सांगते. आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला कुणी लग्नाचंच साल कोरून घेतलं असेल, तर तेवढंही नीट सांगत नाही.

तारखेहून मोठा फास म्हणजे मागाहून केलेलं कोरीवकाम. अठराव्या शतकातला साधा, बिननक्षीचा पेला घ्यायचा, त्यावर पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांचा गुलाब, कळ्या आणि ओकचं पान कोरायचं, की किंमत कितीतरी पटींनी वाढते. काच खरी, दांडी खरी, वण खरा, फक्त गुलाब खोटा. डब्लिनमध्ये पगच्या काच कारखान्यासाठी काम करणारा फ्रांझ टीझं हा बोहेमियन (आजच्या चेक प्रजासत्ताकातला) कारागीर यात इतका पटाईत होता की त्याने केलेले आयरिश राजकीय पेले कित्येक दशकं अस्सल अठराव्या शतकातले म्हणून संग्रहांत राहिले. 1994 मध्ये पीटर फ्रान्सिस यांनी ते प्रकरण उघडकीला आणलं. अशा वेळी भिंगाखाली एकच प्रश्न विचारायचा: जुना ओरखडा कोरलेल्या रेघेवरून गेला आहे की रेघ जुन्या ओरखड्याला कापून गेली आहे? रेघेने ओरखडा कापला असेल तर पेला आधी म्हातारा झाला आणि नंतर नटला.

उलटही घडतं. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये इंग्लिश शिशाची काच फार आवडायची, कारण ती मऊ आणि कोरायला सोयीची. ॲम्स्टरडॅमचे याकोब सांग अशा पेल्यांवर चाकाने कोरत. डेव्हिड वोल्फ हिऱ्याच्या टोकाने ठिपके टोचून चेहरे काढत, इतके हलके की पेला वळवला नाही तर दिसूच नयेत. तेव्हा पेला इंग्लिश आणि नक्षी डच. शिवाय ज्या नाजूक गाठीदार पेल्यांना बाजारात सरसकट ‘न्यूकॅसल’ म्हणतात त्यातले पुष्कळ मुळात तिकडेच घडले असावेत असं आता अभ्यासक मानतात. ‘इंग्लिश कोरीव पेला’ या तीन शब्दांत निश्चित फक्त ‘पेला’.

माझ्या फर्नकडे येते. काच शिशाची. बुडाशी चकचकीत, घासलेला गोल. झीज वेडीवाकडी, खरी. रेघा होड्यांच्या, म्हणजे चाकाचं काम. ओरखडे पानांवरून गेलेले, म्हणजे नक्षी मागाहूनची नाही. आता विषय बघू. ब्रिटनला 1850 च्या दशकात फर्नचं खरोखर वेड लागलं होतं. बायका-पुरुष टोपल्या घेऊन दऱ्याखोऱ्यांतून फर्न उपटून आणत आणि काचेच्या पेट्यांत लावत. त्याच सुमारास, 1853 मध्ये, कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी कापीव पैलूंची काच रानटी म्हणून झोडपली आणि जाड पैलूंऐवजी पातळ काचेवर नाजूक कोरीवकाम ही चांगल्या अभिरुचीची खूण ठरली. 1862 च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात फर्नची काच झळकली आणि पुढे वीसेक वर्षं घरोघरी पोचली. म्हणजे माझा पेला साधारण 1865 ते 1885 मधला. आजोबांच्या चिठ्ठीपेक्षा निदान पाऊणशे वर्षांनी तरुण.

आणि कुणाचा? इथे हात टेकावे लागतात. फर्नचं काम एडिंबरोच्या मिलर यांच्याकडचे बोहेमियन कारागीर करत. म्हणजे पेला इंग्लिश नसून स्कॉटिशही असू शकतो. तोच नमुना स्टोअरब्रिजमध्येही होत होता आणि तिथेही बोहेमियाहून आलेली माणसं होती. तिथले काचकारखानदार थॉमस वेब यांच्यासाठी काम करणारे क्नी आणि फ्रिट्श हे त्यातले नावाजलेले. 1870 च्या दशकाच्या अखेरीस ही मंडळी खोल कोरून पूर्ण चकचकीत करण्याची ‘रॉक क्रिस्टल’ पद्धत करू लागली. तसं काम सापडलं तर निदान स्टोअरब्रिज म्हणायला जागा असते. काही कारखान्यांच्या नमुनावह्या जपलेल्या आहेत. त्यात पेल्याचा आकार आणि नक्षी दोन्ही जुळले तर नाव घ्यावं. नुसती नक्षी जुळली तर घेऊ नये, कारण चांगली नक्षी शेजारचा कारखाना महिनाभरात उचलायचा. लिलावाच्या यादीत ‘बहुधा वेब’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यातल्या ‘बहुधा’चे पैसे वजा करून बोली लावावी. हे माझं मत, लिलाववाल्यांचं नव्हे.

मी पेल्याखाली चिठ्ठी ठेवली आहे: ‘फर्न, तांब्याच्या चाकाचं काम, सुमारे 1865 ते 1885, स्टोअरब्रिज किंवा एडिंबरो, कारखाना अज्ञात.’ एका पानाच्या टोकाशी चाक घसरून आडवी होडी पडली आहे आणि ती झाकायला कारागिराने तिथे एक जास्तीचं पातं काढलं आहे.

महिन्याभराने पुन्हा त्या बाजारात गेले तर आजोबांच्या टेबलावर तसाच दुसरा पेला, किंमत तीस पौंड, चिठ्ठी तीच. बूड फिरवलं, भिंग काढलं. रेघांना टोकंच नव्हती. सगळ्या सारख्या खोल, तळ मुरमाड. आजोबा म्हणाले, “हा तुमच्या त्या पेल्याचा जोडीदार.” मी तो अलगद खाली ठेवला आणि शेजारचा जग उचलून त्याचा कान कुठे जाड आहे ते बघायला लागले.